एकेचाळीस मिनिटं

"एकेचाळीस!" खरेदीसाहेबांनी कागदावर बोट आपटलं. "बाकीच्या तीन घरांत सात, आठ आणि सात. आमच्या घरी रोज एकेचाळीस मिनिटं. तुमची पाती बोथट होतायत, दुसरं काय?"

समोर पातीवाले बसले होते. मिक्सरच्या या कारखान्याला गेली अठरा वर्षं पाती तेच पुरवत. नवं मॉडेल बाजारात आणायच्या आधी कारखाना चार घरी एकेक नमुना महिनाभर वापरायला देई. मिक्सरच्या तळाशी एक छोटं मीटर लपवलेलं असे. रोज किती मिनिटं चालला, ते त्यात उमटे. घरच्यांना त्याचा पत्ता नसे. आपल्यावर नजर आहे म्हटलं की माणूस शहाण्यासारखा वागायला लागतो, असं साहेबांचं म्हणणं. चौथा नमुना त्यांनी मुद्दाम स्वतःच्या घरी ठेवला होता.

"साहेब, तीन घरं एक सांगतायत, आणि..."

"आणि माझं घर खोटं सांगतंय?"

हे काम दुसऱ्याकडे गेलं असतं, तर पातीवाल्यांना आपल्या चौदा माणसांपैकी नऊ जणांना घरी बसवावं लागलं असतं. त्यांनी धीर केला. "एकदा ते पातं डोळ्यांनी बघू द्या."

"बघा की. सुट्टीच्या दिवशी घरी या. तिथंच ऑर्डरवर सही करतो. तुमच्या कागदावर, नाहीतर दुसऱ्याच्या."

सुट्टीच्या दिवशी चारच्या सुमाराला पातीवाले साहेबांच्या घरी पोचले. साहेब बाहेरच्या खोलीत बसले होते, शेजारच्या खुर्चीत त्यांचे वडील पेपर घेऊन. साहेबांची बायको टेबलापाशी मटार सोलत होती. साहेबांच्या आईनं पातीवाल्यांना स्वयंपाकघरात नेलं.

पातीवाल्यांनी भांडं उघडलं. पात्यावर अलगद नख फिरवलं. कागदाची पट्टी धरली, ती सरकन कापली गेली. बोथट कसलं, पातं जवळजवळ कोरं होतं! महिनाभर रोज एकेचाळीस मिनिटं वाटण केलेलं पातं असं राहत नाही, हे त्यांना झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

तेवढ्यात बाहेरून वडिलांचा आवाज आला. "अगं, कांदा उभा चिर, आडवा नको. आणि गॅस..."

आईनं मान न वळवता भांडं बसवलं आणि बटण दाबलं. घर दणाणलं.

"मावशी, भांडं रिकामं आहे!" पातीवाले ओरडले.

"माहितीय!" आईसुद्धा ओरडल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि निवांत टेकल्या. "रिटायर झाल्यापासून मला स्वयंपाक शिकवतायत! मिक्सर लागला की पेपरात डोकं घालतात! मुलाला सांगू नका हं. त्याला बापाचं फार कौतुक."

पातीवाले बाहेर आले ते घाम पुसत.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं. दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर होते.

"पातं उत्तम आहे, साहेब."

"मग एकेचाळीस मिनिटं का?"

पातीवाल्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग स्वतःच्या चपलांकडे. "ते... मला नाही सांगता येणार."

"ठीक आहे," म्हणत साहेबांनी दुसऱ्याचा कागद वर घेतला.

आतला मिक्सर बंद झाला. आई पदराला हात पुसत दारात आल्या. "थांब रे. त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. मी मिक्सर रिकामाच लावते. तुझ्या बाबांची शिकवणी सुरू झाली की."

वडिलांनी पेपर जरा वर धरला. इतका वर, की मागे फक्त टक्कल उरलं.

साहेब आधी थक्क झाले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाबा, ऐकलंत का? एकेचाळीस मिनिटं! माणसानं किती बोलावं!" त्यांनी पातीवाल्यांचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"एकेचाळीस?" आई म्हणाल्या. "छे रे! मी वीस मिनिटांच्या वर नाही लावत. आणि खरं वाटण म्हणशील तर सहा-सात मिनिटांचं."

पेन थांबलं. साहेब बोटांवर हिशेब करू लागले. "म्हणजे सव्वीस-सत्तावीस झाली. उरलेली चौदा-पंधरा मिनिटं कुठली? पात्यातच खोट आहे म्हणायची."

"पात्यात नाही," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "ती सकाळची. तुमच्या शिकवणीची."