शून्य तक्रारी

टाळ्या अजून चालूच होत्या, तेवढ्यात खाली काहीतरी प्रचंड आदळलं. सभागृहाच्या काचा थरथरल्या. सुपरवायझरच्या हातात नुकतंच प्रमाणपत्र आलं होतं: नेतृत्व विकास कार्यक्रमातला सर्वोत्तम प्रशिक्षणार्थी. तीन महिन्यांत त्याच्या गोदामातल्या तक्रारी शून्यावर आल्या, असं मॅनेजर आत्ताच माइकवरून सांगत होते.

"लिफ्ट पडली!" जिन्यातून कुणीतरी ओरडलं.

तो धावला. मालाची लिफ्ट तळमजल्यावर तिरकी होऊन पडली होती. खोकी फुटली होती, वर तुटलेली तार लोंबत होती. धुळीत काही दिसेना. मग पत्र्याखालून कण्हणं ऐकू आलं. तो आवाज त्याच्या थोरल्या भावाचा होता. दादा याच गोदामात माल चढवायचा. वीस वर्षांपूर्वी त्यानंच धाकट्याला हाताला धरून इथं कामाला लावलं होतं. दोघं राहायचेही एकाच घरात.

चौघांनी पत्रा उचलला. दादाचा उजवा पाय मांडीपासून भलतीकडेच वळला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत धाकटा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

"अशी अचानक कशी रे तुटली तार?"

"अचानक नाही," दादा दात आवळून म्हणाला. "चार दिवस तिचे पदर सुटत होते. सगळ्यांना दिसत होतं."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

उत्तर दिलं ते पॅकिंगच्या मावशींनी. "तुम्हीच म्हणालात ना साहेब, नुसती अडचण घेऊन माझ्याकडे यायचं नाही, उपाय घेऊन या. आता त्या तारेवर आम्ही कुठून उपाय आणणार?"

हे वाक्य त्यानं नेतृत्व कार्यक्रमाच्या वर्गात ऐकलं होतं आणि मोठ्या अक्षरांत लिहून केबिनच्या दारावर चिकटवलं होतं. समारंभातून त्याच्या मागोमाग खाली आलेल्या, तो वर्ग घेणाऱ्या प्रशिक्षिकेचा चेहरा पांढराफटक पडला. वाक्य तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. तिनं वर्ग भरवला नाही. "आज तुम्ही काही सांगायचं नाही," ती त्याला म्हणाली. "फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं."

वही घेऊन तो गोदामभर फिरला. पहिला तासभर जो तो "सगळं ठीक आहे, साहेब" एवढंच म्हणत राहिला. म्हणताना कुणी त्याच्या डोळ्यांत बघत नव्हतं. हे असं कधीपासून चाललंय, त्याला आठवेना. शेवटी मावशीच पुढे झाल्या. "लोखंडी शिडीची वरची पायरी निखळलीय."

मग एकेकाचं तोंड उघडलं. दुपारपर्यंत एकोणीस गोष्टी निघाल्या. बटणांच्या बोर्डाला हात लावला की झटका बसतो. मागचं दार गंजून बसलंय. आग लागली तर आतले आतच राहतील. तो एकेक गोष्ट लिहून घेत गेला.

संध्याकाळी तो इस्पितळात गेला. दादाच्या पायात सळई घातली होती. धाकट्यानं वहीतल्या एकोणीसच्या एकोणीस गोष्टी वाचून दाखवल्या. दादा डोळे मिटून ऐकत होता. वाचून झाल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

"कामावर नसेल जमलं सांगायला. पण दादा, चारही रात्री आपण शेजारी बसून जेवलो. घरी तरी बोलायचंस!"

दादानं डोळे उघडले. त्यांत राग नव्हता.

"घरी कुणाशी बोलणार? घरीसुद्धा साहेबच यायचा. धाकट्या, तू आज भेटतोयस. तीन महिन्यांनी."