एक फाईल कमी

"बठ्ठं उतारी ले, भाऊ. छापखानावाला थांबेल शे," मंडळाचे भाईदास आबा फोनवर म्हणाले.

बठ्ठं म्हणजे सगळं, वधू-वर सूचीची सहाशे बारा परिचयपत्रं. लोकांनी आपापली मंडळाच्या क्लाउड फोल्डरमध्ये चढवलेली. एकेक हाताने उतरवायचं तर दिवाळी उजाडली असती. हितेंद्रने वीस ओळींचा कोड लिहिला, चालू केला आणि जळगावच्या घरी पंख्याखाली रेलून बसला. पडद्यावरून नावं सरसर सरकू लागली.

माणूस हिशेबी. बायकोच्या स्कूटीचे किलोमीटरही रोज वहीत लिहायचा. रूपाली आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बसने धुळ्याला गेली, त्याला बावीस दिवस झाले होते. स्कूटी अंगणात उभी. तरी वहीत बावीस वेळा तोच आकडा होता.

तेवढ्यात एक नाव सरकलं. तेजस, धुळे.

हितेंद्र सावरून बसला. रूपालीचा कॉलेजातला वर्गमित्र. तिच्या प्रत्येक फोटोखाली बदाम टाकणारा. त्याने लगेच रूपालीला फोन लावला.

"आईंचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"बघायला कोण कोण येतं?"

"गल्लीतल्या बायका."

"आणि पुरुष?"

"व्यायाम करवून घेणारे काका येतात. साठी उलटलेली आहे. उंचीपण सांगू का, लिहून घ्यायला?"

त्याने फोन ठेवला आणि तेजसची फाईल उघडली. अपेक्षा : मुलगी दंतवैद्य, पुण्यात स्थायिक, अविवाहित.

हितेंद्रला हसूच फुटलं. रूपाली बी.ए., धुळ्याची, वर लग्न झालेली. तिन्ही विषयांत नापास! उगाच जीव जाळला आपण. उद्या सकाळीच धुळे गाठायचं, तिला घेऊन यायचं, येताना पारोळ्याला थांबून चहा पाजायचा. जमलं तर वहीसुद्धा काही दिवस बंद ठेवायची.

कोड थांबला. सहाशे अकरा.

एक कमी. मध्येच नेट तुटलं असणार. हिशेबी माणसाला ते कसं खपेल? त्याने कोड पुन्हा चालवला. राहिलेली फाईल उतरली. ती नीट आली ना, हे बघायला त्याने उघडली.

नाव : रूपाली. मुक्काम : धुळे. घटस्फोटाचा अर्ज दाखल. अपेक्षा : शिक्षण, नोकरी कशीही चालेल. स्कूटीचे किलोमीटर मोजणारा नको.