एकाच ताटातली विभूती

लातूर नवा जिल्हा झाला त्या दुष्काळी साली संगप्पानं बांधावरचं वाळलं गवत पेटवलं. वारा फिरला आणि आग डोंगर चढली.

सांजेला गाव मठात जमलं. "कुणी लावली?" स्वामींनी विचारलं. सगळ्यांबरोबर संगप्पाही इकडंतिकडं बघू लागला.

एकाच ताटातली विभूती वाटली गेली. तीन बोटांनी कपाळी ओढताच लोक निवले. संगप्पाला मात्र ती चुलीतल्या राखेसारखी पोळली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्यानं डोळे मिटले. हळूहळू जीव शांत झाला.

बाहेर डोंगरही विझला होता.

"शिवानं लाज राखली," तो बायकोला म्हणाला.

नागम्मा त्याच्या कपाळाकडं बघत मागं सरली.

"आवो, पुसा ते. अजून धूर निघायलाय."