सगळ्यांचं हो

सगळ्यांनी हो म्हटलं आणि सोमारीबाईनं नाही म्हटलं. झालं! रीनाचा पाय खुर्चीखाली थडथड उडायला लागला.

बांबूपासून अगरबत्तीच्या काड्या काढणाऱ्या त्या कारखान्यात कामगार समिती नवीकोरी होती. तिची प्रतिनिधी रीना, वयानं सगळ्यांत लहान आणि तोंडानं सगळ्यांत मोठी. साहेबांच्या शेजारची खुर्ची तिची. बाकीच्या बाया समोर, काड्यांच्या ढिगाजवळ जमिनीवर. विषय एकच, आठऐवजी सकाळी सहाला काम सुरू करायचं आणि दोनला सुट्टी. ऊन फार तापायच्या आत सगळ्या मोकळ्या! रीनाला तर दुपारचा नर्सिंगचा क्लास गाठता येणार होता. घरोघर फिरून तिनंच सगळ्यांना पटवलं होतं. सोमारीबाईचा टोला, म्हणजे तिची छोटीशी वस्ती, तेवढा जंगलापलीकडे, तिथं जायचं राहूनच गेलं.

"काऊन अडवून राह्यली वं बाई?" रीना चिडून म्हणाली. "सगळ्यायचं भलं हाये ना."

"सहाले इथी पोचाचं म्हणजे अंधारातच जंगल," सोमारीबाई म्हणाली. "परवाच त्या वाटंवर वाघानं बैल नेला. तू येशीन का माह्यासंगं?"

रीनाचा पाय थांबला.

कंपनीची गाडी त्या पायवाटेनं जात नाही, त्याला आपण काय करणार, असं म्हणत साहेब उठले. बहुमत झालं, सोमवारपासून सहा, चला, मशीन सुरू करा.

एकही बाई उठली नाही.

साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या बुधरीबाईनं शांतपणे सांगितलं की आमच्या गावात एकीचंही अडलं तर सभा उठत नाही. साहेब हसले. ही कंपनी आहे बाई, तुमचं गाव नाही, म्हणाले. पण हसू काही टिकलं नाही. समोरच्या बाया नुसत्या बघत बसल्या होत्या.

ते रीनाकडे वळले. "तू प्रतिनिधी आहेस ना? सांग यांना."

रीना उभी राहिली. हो तर अगदी ओठांवर होतं तिच्या. क्लासमध्ये मैत्रिणीनं खिडकीजवळची जागासुद्धा धरून ठेवली होती. तिनं सोमारीबाईकडे पाहिलं, मग बुधरीबाईकडे. बुधरीबाईनं मांडी घालून निवांत तंबाखू मळायला घेतला होता.

"साहेब," रीना म्हणाली, "वेळ लागन. तुमी बी बसा."