कडीला अडकवलेलं दूध

दार फोडलं तेव्हा एकटे राहणारे शिंपीकाका न्हाणीघरात मरून पडले होते. "खुब्याचं हाड मोडलंय. पडल्यावर तीन दिवस जिवंत असावेत," डॉक्टर म्हणाले. जिन्यात सगळी इमारत जमली होती. हवालदाराने दूधवाल्याला झापलं, "रोज दारात येतोस आणि पाच दिवस तुला पत्ताच नाही?" "साहेब, काकांनीच ठरवून दिलं होतं. कालची पिशवी कडीला तशीच दिसली तर माणसं गोळा कर, म्हणाले. पण पिशवी रोज उचललेली असायची. म्हटलं, म्हातारा मजेत आहे." "मग उचलत कोण होतं? भूत?" कुणीतरी हसलं. समोरची शेजारीण उंबऱ्यातच उभी होती. सकाळी वास आल्यावर पोलिसांना फोन तिनेच केला होता. "मी," ती म्हणाली. "वाटलं, काका मुलीकडे गेलेत. मांजर पिशव्या फाडतं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या. पाचही आहेत." मग तिने विचारलं, "त्या आता कुणाला द्यायच्या?"