कॅलेची वेस

"पडदा सोड आधी, रुही!"

मीरा एवढ्या जोरात ओरडली, की तेही माइकवर रेकॉर्ड झालं. झालं, आता पुन्हा पहिल्यापासून! मराठी ऑडिओ-मालिकेसाठी इतिहास वाचायचं हे काम घरबसल्या होतं आणि नाव कुठे येत नव्हतं, म्हणून तर तिनं घेतलं होतं. आजचा भाग कॅलेचा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं इंग्रज व्यापाऱ्यांचं ठाणं. इंग्लंडची लोकर तिथे उतरायची आणि मग युरोपभर विकली जायची.

"बाहेर किती स्नो आहे! कॅन आय गो? फक्त फाइव्ह मिनिट्स?"

"नाही. कोणी नाव विचारलं तर काय सांगायचं?"

"रुही."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मम्मा. माझे हेअर कधी वाढणार?"

"वाढतील गं बाई." मीरानं तिच्या बॉयकटवरून हात फिरवला. सहा वर्षांचं लेकरू, किती म्हणून कोंडून ठेवायचं? पण इलाज नव्हता. प्लेनो शहर सोडताना मीरानं नोकरी, फोन, माणसं, सगळं तोडून टाकलं होतं. इथे दूरच्या नेपरव्हिल गावात ओळख एकट्या शेजारच्या शैलाकाकूंची.

बेल वाजली तशी ती दचकली. दाराच्या भिंगातून नीट पाहिलं, मगच साखळी काढली.

"मीच आहे गं," तिळाच्या वड्यांचा डबा पुढे करत काकू म्हणाल्या. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, कळतं मला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपल्या इंडियन स्टोअरमध्ये कोणीतरी फोटो दाखवत फिरतंय म्हणे. लहान मुलीचा."

मीरानं मागे वळून खिडकीचा पडदा पुन्हा नीट ओढला.

"नवऱ्याकडची माणसं ना?"

मीरानं ओढणीनं डोळे पुसले.

"रडू नकोस, वेडे! लेकीसाठी काय काय सोसलंस तू. थांब, मीच जाऊन बघते कोण मेलं आलंय ते. माझ्या जिवात जीव आहे तोवर कुणाची बिशाद आहे या पोरीला हात लावायची!" काकू आल्या पावली निघाल्याही.

मीरा पुन्हा माइकपाशी बसली. पान उघडून वाचू लागली. "दोनशे वर्षं इंग्रजांनी कॅले जिवापाड सांभाळलं. अगदी जेवायच्या वेळीसुद्धा वेशीचे दरवाजे बंद होत."

"पण आधी तिथे कोण राहायचं?" रुहीनं विचारलं.

मीरानं रेकॉर्डिंग थांबवलं. "दुसरे लोक. इंग्रजांनी त्यांना बाहेर काढलं."

"दे मस्ट बी सो सॅड."

"असतील. पण इंग्रजांनी ते किती जपलं बघ ना! तट बांधले, बाजार वसवला. मग ते त्यांचंच झालं की नाही?"

रुही वडी चघळत राहिली. "मग ते लोक परत आले?"

"आले. भोवती दलदल होती, म्हणून इंग्रज निर्धास्त होते. एका जानेवारीत थंडीनं ती गोठली आणि त्या लोकांचं सैन्य सरळ चालून आलं. आठवड्याभरात शहर गेलं."

बोलता बोलता तिला त्या इंग्रजांचा भयंकर राग आला. इतकं सांभाळलेलं असं हातचं जाऊ देतात? मी नसतं जाऊ दिलं. तिनं बॅग ओढली आणि रुहीचे कपडे भराभर आत कोंबायला सुरुवात केली. आजच निघायचं, आणखी लांब.

तेवढ्यात बेल.

"मीरा, मी आहे गं. उघड."

काकूंचा आवाज ऐकला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं घाईनं साखळी काढली.

काकू तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या मागे, अंगणातल्या बर्फात, दोन पोलीस होते, आणि त्यांच्यामध्ये एक बाई, एवढ्या थंडीत कोटाची बटणंही न लावलेली.

"रुही, आत जा!" मीरा किंचाळली.

पण रुही तिच्या हाताखालून निसटली, अनवाणीच बर्फात धावत सुटली आणि त्या बाईच्या गळ्यात पडून ओरडली, "आई!"