बद्द आवाज

"आता इथे ऐक," असं म्हणत नवरा सायकलच्या फ्रेमवर नाण्याने टकटक करत होता. सकाळी तो घाटात खड्ड्यात आपटला होता. कोपराचं रक्त अजून पुरतं थांबलं नव्हतं, आणि याला काळजी कार्बनच्या फ्रेमची!

वरचा दांडा खणखणीत वाजला. खालच्या सांध्यापाशी मात्र आवाज बद्द आला, आत तडा असल्यासारखा. वरून साधा ओरखडाही नव्हता.

"माझी स्टीलची बघ," मी म्हणाले. "पडली की पोचा येतो, वाकते, पण दिसतं तरी. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला चहा पिता पिता सांधून देतो."

"जड आहे ती."

"असू दे. तुझ्या कार्बनला ना गंज, ना वजन. पण आतून तडकली तर दिसायचं कसं? आणि दुरुस्तीला पुणं गाठायचं, खिसा रिकामा करायचा."

"वेळीच कळलं तर वाचते गं. तशीच चालवत राहिलं, तर एक दिवस उतारावर..."

टकटक थांबली. नाणं हातातच राहिलं.

"खड्डा नव्हता," तो हळूच म्हणाला. "डोळ्यांपुढे अंधारी आली. याआधीही आली होती."

मी सायकल भिंतीला टेकवली आणि गाडीची किल्ली घेतली. एरवी दवाखान्याचं नाव काढलं की हसण्यावारी नेणारा हा माणूस लगेच उठला. उठताना त्याने माझा खांदा धरला, आणि गाडीपर्यंत सोडला नाही.